सौ. रं. ला. मो.

…आणि एवढं सगळं करून त्यो पारस मलाच विचारतो, "हंबीर, वाजले किती रं?" आता बोला! घरात अकरा घड्याळं, एकेका घड्याळाच्या पैशात आमच्याकडं ट्रॅक्टर येतो, आणि वाजले किती ते विचारायचं कुणाला, तर ज्याच्या मनगटाला साधा दोरा न्हाई त्येला. बसा, बसा, सरकू नका, पुण्याची गाडी अजून अर्धा तास तरी येत न्हाई, साताऱ्याचं हे स्टँड मला पाठ हाय… पिशवी वाजती व्हय? वाजू द्या. त्या पिशवीत काय हाय ते पण सांगतो, ते पण घड्याळापायीच हाय.

तुमास्नी सांगतो, दारूचं व्यसन बघितलं, पत्त्यांचं बघितलं, बैलगाडीच्या शर्यतीपायी रान विकलेला माणूस बघितला, पण भारीतली घड्याळं घ्यायची आणि विकायची, परत घ्यायची आणि परत विकायची, हे व्यसन मी सांगलीला विश्रामबागेत राहायला गेलो तवा पहिल्यांदा बघितलं. पारस म्हंजी माझा कॉलेजचा दोस्त. मी विम्याच्या ऑफिसात चिकटलो, त्यो बापाच्या हळदीच्या पेढीवर बसला, आता त्येचा बंगला आणि आमचा फ्लॅट, मधी एक भिंत. माणूस सोन्यासारखा, खोटं न्हाई बोलणार. माझ्या बायकोच्या ऑपरेशनला तीन दिवस दवाखान्यात बसून हुता. पण घड्याळ दिसलं की त्येच्या डोक्यातली हळद, पेढी, संसार, दोस्ती सगळं पुसून जातं बघा.

आता घड्याळ येतं कसं, तर कुरिअरनं. कुणाच्या नावानं? माझ्या! का? तर त्येच्या बायकोला, भाग्यश्रीवहिनीला, कळू ने म्हणून. कुरिअरवाल्याला वाटतं ह्या बिल्डिंगीत विम्याचा हंबीरराव मोहिते म्हंजी कोण मोठी आसामी हाय, दर पंधरा दिसाला स्वित्झर्लंडचा डबा येतोय, त्यो मला सलाम ठोकतो! मग पारस जिन्यानं चोरपावलानं येणार, डबा उघडणार, हात रुमालाला पुसणार आणि खाली जाऊन गाडीत बसणार. गाडी चालू न्हाई हं. पोर्चमधी उभ्या गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवायचा, घड्याळाचे काटे फिरवून दहा वाजून दहा मिनिटं करायची, आणि फोटो काढायचा. दहा-दहाच का? तर म्हणं काटे दोनी बाजूला हात वर केल्यागत दिसत्यात, कंपनीचं नाव झाकत न्हाई. त्येच्या घरातली अकराच्या अकरा घड्याळं दहा वाजून दहा मिनटाला थांबलेली हायत. चावी द्यायची न्हाई, झिजतंय. काचेवरचा प्लॅस्टिकचा कागद काढायचा न्हाई, किंमत पडती. भाग्यश्रीवहिनी तर त्यातल्या एकाकडं पण बघत न्हाई. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवाण पायजे, ती बाई गच्चीवर जाऊन सूर्य बघती आणि ताट वाढती.

तर फोटो निघाला की त्यो जातो त्यांच्या ग्रुपवर. ग्रुपचं नाव 'सेकंद काटा'. आणि खाली पारस लिहिणार… काय लिहिणार? "हे ठेवणीतलं हाय."

ठेवणीतलं! मी तुमाला विचारतो, ठेवणीतलं म्हंजी काय? आपल्याकडं ठेवणीतलं लुगडं म्हंजी जे ट्रंकेत असतं, लग्नाकार्याला निघतं, परत घडी घालून आत जातं, आणि सुनंच्या सुनंपर्यंत पुरतं. आणि ह्येंचं ठेवणीतलं? एकवीस दिवस! मी कॅलेंडरवर खुणा केल्यात. एकविसाव्या दिशी पारसचं तोंड उतरतं, मनगट उलटंपालटं करतो आणि म्हणतो, "हंबीर, ह्ये मनगटावर बसंना रं." का बसंना? मनगट वाढलं का काय तुझं? एकदा जाड हाय म्हणून विकलं, एकदा पातळ हाय म्हणून. एकदा तर, शपथ घिऊन सांगतो, लय चांगलं हाय म्हणून विकलं, म्हणला घालायला भ्या वाटतंय. आणि मग चार महिन्यांनी तेच घड्याळ, तोच डबा, कोपऱ्याला माझ्या पेनाचा डाग लागलेला, परत माझ्याच नावानं कुरिअरनं दारात! विकलं त्येच्यापेक्षा जास्त पैसं मोजून परत घेतलं. मी म्हटलं, पारस, अरं हे तुझंच हाय. तर म्हणतो, "व्हय, पण आता हे ठेवणीतलं हाय."

त्यांची बोली पण न्यारी. सुरवातीला मला वाटलं ह्यो मिरजेच्या जनावरांच्या बाजारात भागीदारी करतोय, फोनवर म्हणत हुता, पांडा दिला, वर थोडं घातलं आणि शिरवळच्या जयराजचा वाघ घेतला. घड्याळाची टोपणनावं हो! जयराज म्हंजी शिरवळला एका कारखान्यात मॅनेजर. आणि इथं साताऱ्यात एक भाऊसो हाय, पेट्रोल पंपवाला. ह्या तिघांत तीच तीच घड्याळं फिरत्यात, वर्षाला प्रत्येक घड्याळ प्रत्येकाच्या घरी दोनदा पावण्यागत जाऊन येतं. आणि जिथं जाईल तिथं ठेवणीतलं.

तरी मी म्हटलं, आपलं काय जातंय? त्येचा पैसा, त्येचं मनगट. पण मग आमच्या अण्णांचं घड्याळ बंद पडलं की हो.

अण्णा म्हंजी आमचं वडील, लालासाहेब मोहिते, फौजेतलं रिटायर सुभेदार, पाटणच्या वर कोयनेच्या अंगाला आमचं गाव, तिथं असत्यात आईसंगं. वय त्र्याऐंशी. पोरगेलेसे हुते तवा युनोच्या फौजेतनं कांगोला गेलते, तिथल्या कँटीनात पगाराच्या पैशातनं एक स्विस घड्याळ घेतलं. तवापासनं मनगटावर. पट्टा आठ वेळा बदलला, काच दोनदा, तबकडी चहाच्या डागागत तांबूस झालेली. आणि ते घड्याळ कायम पाच मिनिटं पुढं. मिल्ट्रीचा माणूस पाच मिनिटं आधी हजर असतो, म्हणत्यात. आमच्या गावात पंधरा ऑगस्टला शाळेवर झेंडा लागतो तो अण्णांच्या घड्याळावर, बावीस वर्षं झाली. हेडमास्तरच्या मोबाईलात काय का वाजंना, अण्णा मनगट बघणार, सावधान म्हणणार, तवा दोरी हलणार.

आणि त्या घड्याळाच्या पाठीवर एक गंमत हाय. अण्णा रजेवर आलते तवा गल्लीत भांड्यावर नाव घालणारा आलता. आईनं सगळी भांडी काढली, ताट, पातेली, तांब्या, हंडा, आणि त्येनं छिन्नीनं टिंब टिंब करत सगळ्यावर घातलं, 'सौ. रं. ला. मो.' म्हंजी सौभाग्यवती रंगूबाई लालासाहेब मोहिते. शेवटी आई म्हणली, अवो, घड्याळ पण द्या, फौजेत चोऱ्या हुत्यात. आणि अण्णांनी दिलं! तवापासनं सुभेदाराच्या घड्याळाच्या पाठीवर 'सौ. रं. ला. मो.' त्या छिन्नीवाल्याचा हात वाकडा, 'मो'ची मात्रा जरा जास्तच आडवी पडलेली, घरातल्या सगळ्या भांड्यांवर तश्शीच.

तर जुलैत ते घड्याळ थांबलं. अण्णांनी रुमालात बांधून माझ्या हातात दिलं, म्हणलं, पंधरा ऑगस्टच्या आत आण. एवढंच. मी सांगलीला आलो, आणि माझी अक्कल बघा, रुमाल सोडला तो पारसच्या म्होरं. त्येनं घड्याळ हातात घेतलं. मग खिशातनं भिंग काढलं, डोळ्याला लावलं, आणि त्या माणसानं पायातल्या चपला काढल्या हो. मला वाटलं आता नमस्कारच घालतोय. म्हणला, "हंबीर, ह्याला पुसू नकोस. धूळ पण पुसू नकोस. मिरजेला माझा कारागीर हाय, मी नीट करून आणतो." मी दिलं. दोस्त हाय म्हणून दिलं!

एक आठवडा झाला, कारागीर गावाला गेलाय. दोन झाले, कारागिराला ताप हाय. तिसऱ्या आठवड्यात पारस आला, तोंडावर असं समाधान जसं काय माझ्या पोरीचं लग्न जमवून आलाय, आणि टेबलावर ठेवलं काय, तर एक हिरव्या तबकडीचं घड्याळ, डब्याच्या झाकणाएवढं, चकाकतंय. म्हणला, "घे. अण्णांना एकदम वरच्या लायनीत नेलं. जुनं दिलं आणि वर एक पैसा न घालता हे घेतलं. फुल सेट हाय, डबा, कागद, सगळं."

मला पाच मिनिटं कळंनाच. दिलं म्हंजी? "जयराजला. अरं, त्येच्यासाठी तो रडायला आलता. तुझ्या फायद्याचं केलं की गड्या!" आणि तुमास्नी सांगतो, राग मला त्येचा आलाच, पण सगळ्यात जास्त कशाचा आला सांगू? त्येला खरंच वाटत हुतं मी त्येला मिठी मारीन. एक घड्याळ एका माणसापाशी साठ वर्षं राहू शकतं, हे त्येच्या डोक्यातच शिरंना. त्येनं मला विचारलं, "साठ वर्षं? का? गिऱ्हाईक मिळालं न्हाई?"

मी म्हटलं, पारस, त्या घड्याळावर माझ्या आईचं नाव हाय. तर त्येनं मोबाईल काढला, 'सेकंद काटा' उघडला आणि म्हणला, आईचं कसलं, हे बघ. जयराजनं घड्याळाच्या पाठीचा फोटो टाकलेला, आणि दिल्लीच्या कुणातरी मेंबरनं खाली लिहिलेलं, 'सौ' म्हंजी शंभर, शंभरच नग काढले हुते. आणि रं, ला, मो? रंगून, लाहोर, मोंबासा! इंग्रजाच्या फौजेची तीन ठाणी, तिथल्या अंमलदारांसाठी खास. खाली दोनशे लोकांचे अंगठे. अरं, दिल्लीवाल्याचं मी समजू शकतो. पण ही आपली माणसं, ह्येंच्या आयांच्या भांड्यांवर सौ. न्हाई व्हय? घराघरात सौ. हाय, लग्नाच्या पत्रिकेवर सौ. हाय, मतदार यादी सोडली तर सगळीकडं सौ. हाय! पण घड्याळावर आला की त्यो शंभर.

गेलो शिरवळला. जयराजनं मला हापिसात बसवलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणला, "मामा, ते माझं ठेवणीतलं हुतं." हुतं? "नऊ दिवस ठेवलं. मनगटावर बसंना." भाऊसोला दिलं म्हणला. आलो साताऱ्याला. भाऊसोच्या पंपावर गेलो, तर भाऊसोच्या मनगटावर आमचं घड्याळ! दहा वाजून दहा मिनिटं! म्हातारं माणूस परक्या गावात हरवून सापडल्यावर कसं दिसतं तसं ते दिसत हुतं. मी म्हटलं, हे आमचं हाय. भाऊसो म्हणला, "पावणं, रोज चार फोन येत्यात, जो तो म्हणतो आमच्या आज्याचं हाय, आमच्या संस्थानाचं हाय. कागद काय हाय तुमच्याकडं?"

कागद! आता कांगोच्या कँटीनाची पावती मी कुठनं आणू? ती बारा ऑगस्ट. घरी अण्णांचा फोन, घड्याळ कवा आणतोस? मी म्हटलं, कारागिराला ताप हाय. बघा, खोटं पण मी पारसचंच वापरलं. आणि फोन ठेवताना डोक्यात आलं, कागद न्हाई, पण भांडी हायत की!

तेराला गावाकडं गेलो, आई गोठ्यात हुती तवा देवळीतला तांब्या उचलला, पितळी, 'सौ. रं. ला. मो.' टिंब टिंब, तीच वाकडी मात्रा. पिशवीत घातला. संगं पारसनं दिलेलं ते हिरवं घड्याळ पण घेतलं, म्हटलं ज्याचं त्येला परत. चौदाला भाऊसोच्या टेबलावर तांब्या ठेवला आणि सांगितलं, बघा आता. हे माझ्या आईचं नाव हाय, सौभाग्यवती रंगूबाई लालासाहेब मोहिते. रंगून न्हाई, लाहोर न्हाई, मोंबासा तर न्हाईच न्हाई.

भाऊसोनं भिंग लावलं. एकदा घड्याळ बघतोय, एकदा तांब्या. बाहेर पंपावर गाड्या हॉर्न वाजवायल्यात. पाव तास गेला. मला वाटलं आता ह्यो माणूस लाजणार, उठून माझं हात धरणार. भाऊसोनं भिंग खाली ठेवलं, आणि हळू आवाजात म्हणला, "म्हंजी… जोडी हाय?"

कसली जोडी? "तांब्याची! अहो, घड्याळं जगात लई हायत. पण जोडीचा तांब्या कुणी बघितलाय?" मी म्हटलं, भाऊसो, तो पाणी प्यायचा तांब्या हाय. म्हणला, "तसंबी अकरा दिवस झालं, हे माझ्या मनगटावर बसंना. ते हिरवं हितं ठेवा, वर तांब्या द्या, आणि तुमचं घड्याळ घिऊन जावा."

आता तुमी सांगा, मी काय करायचं? दुसऱ्या दिशी सकाळी झेंडा. गावात एक माणूस रिकामं मनगट घिऊन दारात बसलेला. मी दिला तांब्या. दोनी हातानं दिला.

पंधराला सकाळी अण्णांच्या हातात रुमाल दिला. त्येंनी घड्याळ काढलं, कानाला लावलं. चालू हुतं, भाऊसोनं नीट करून घेतलं हुतं, तेवढं मानलं पायजे. मग हेडमास्तरच्या मोबाईलात बघितलं, तोंड वाकडं केलं, म्हणलं, "मागं पडतंय," आणि काटा पाच मिनिटं म्होरं सरकवला. झेंडा लागला, पाच मिनिटं आधी, दरसालसारखा. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं सुटलो.

घरी आलो. आई उंबऱ्यात उभी. म्हणली, "तांब्या कुठाय?"

मी सगळं सांगितलं. पारस, जयराज, भाऊसो, मोंबासा, सगळं. तिनं ऐकून घेतलं, रागवली न्हाई, तेच तर वाईट. पदरानं हात पुसलं आणि म्हणली, "तुझ्या अण्णांचं घड्याळ दिसतं सगळ्यास्नी, झेंड्याला लागतं. माझं ठेवणीतलं तेवढं एकच भांडं हुतं रं, पहिल्या रजेत आणलेलं." आणि आत गेली. ठेवणीतलं! हा शब्द आई बोलली तवा मला पहिल्यांदा कळलं, त्यो शब्द किती दिवस उष्टा हुऊन फिरत हुता ह्या सगळ्यांच्या तोंडात.

मी अंगणात बसून मोबाईल उघडला. 'सेकंद काटा'वर फोटो. गाडीच्या स्टिअरिंगवर… आईचा तांब्या! आडवा! खाली जयराजनं लिहिलेलं, "रंगून-लाहोर-मोंबासा. जोडीचा. हे ठेवणीतलं हाय." भाऊसोनं एका दिवसात जयराजला दिला. एक दिवस! मनगटावर बसला नसंल.

म्हणून निघालोय शिरवळला, ह्याच पुण्याच्या गाडीनं, आज चौथा दिवस हाय, एकवीस व्हायच्या आत गाठला पायजे, न्हाईतर तांब्या दिल्लीला. सकाळी निघताना आईनं आपल्या हातानं हे पातेलं काढून दिलं, म्हणली, ह्यावर पण नाव हाय, हे दाखव, मानत्याल ती, आणि दोनी घिऊन ये. दोनी! भाबडी माणसं हो आपली, मी काय सांगणार तिला, तिकडनं एक घिऊन यायचं तर दुसरं ठिवून यायला लागतं. नाव घातलेली अजून सत्तावीस भांडी हायत घरात, मी मोजून आलोय.

आली बघा गाडी, पुणे, स्वारगेट… हां, उचलतो पिशवी. काय वाजतंय विचारत हुता न्हवं मघाशी? ते झाकण. म्हंजी काय झालं, दारातनं निघतानाच पारसचा फोन आला. दोस्त हाय, मदत करायलाच पायजे त्येनं. म्हणला, हंबीर, पातेलं नेतोस ते बरं करतोस, पण नुसतं नेऊ नकोस, झाकण पण घे. झाकणाबिगर फुल सेट हुत न्हाई.

मी परत आत गेलो, आणि झाकण घिऊन आलो.